लाइनीचा बांध

पोळा आठ दिवसांवर आला होता आणि पाऊस सलग तिसरा दिवस पडत होता. अठ्ठ्याहत्तर साल होतं. मोहरटोल्याच्या वरच्या अंगाला दीडशे एकर धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि ते पाणी अडवून धरलं होतं लहान गाडीच्या लाइनीच्या मातीच्या बांधानं.

तेजराम या लाइनीवर कीमन होता. रोज सकाळी सावरघाट स्टेशनातून निघायचं, साडेतीन मैल लाइन पायी तपासत जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल पडली असली तर हातोड्यानं ठोकायची, ढिला बोल्ट पान्यानं आवळायचा आणि तेवढंच परत यायचं. खांद्याला पिशवी असायची. तिच्यात दोन लाल निशाणं, एक हिरवं आणि धोका असला की गाडी थांबवायला रुळावर लावायच्या फटाक्यांची डबी. अकरा वर्षं कच्चा मजूर म्हणून खडी वाहिल्यावर मागच्याच साली तो पक्का झाला होता. पावसाळ्यात त्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या होत. त्याची बायको सत्यभामाबाई सांजेला चुलीपुढं बसून त्यांत हळद आणि करडीचं तेल भरायची. सकाळी खडीवर पाय पडला की ते सगळं धुऊन जायचं.

ही लाइन टाकली तेव्हा तेजरामचा आजा पंधरा-सोळा वर्षांचा होता. मातीच्या टोपल्या त्यानंही वाहिल्या होत्या. तो सांगायचा की साहेब घोड्यावरून आला, त्यानं झेंड्या रोवल्या. गावच्या म्हाताऱ्यांनी त्याला हात जोडून सांगितलं की नाल्याचं पाणी पावसात इथून पसरून जातं, बांधाखालून पाणी जायची मोरी इथं ठेवा. साहेबानं जमीन ठोकून पाहिली आणि मोरी तीनशे पावलं बाजूला, टणक जागी बांधली. तेव्हापासून दर सात-आठ वर्षांनी पाणी आपली जुनी वाट शोधत यायचं आणि बांधाला छाती लावून उभं राहायचं.

तरी लाइनीला गावात कोणी वाईट म्हणत नसे. अडीच फुटांची लाइन, बैलबंडीहून थोडी जलद चालणारी गाडी. पण गावचं धान राइस मिलमध्ये जायचं ते तिच्यातून. मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू, तलावातल्या मासळीची टोपली, अडलेली बाळंतीण, सगळं तिच्यातूनच. चढावर गाडी इतकी धिमी व्हायची की बाया टोपल्यांसकट उतरायच्या.

मोरीत या साली बेशरमाची झुडपं माजली होती. पुरात वाहून आलेला काडीकचरा, वासे, एक मेलेला गोऱ्हा, सगळं त्यांत अडकून बसलं होतं. दुसऱ्या दिवशीच तेजरामनं मुकादमाला आणून ते दाखवलं होतं.

मुकादम हिरालाल पंचेचाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. सावरघाटच्या क्वार्टरात बायको रेवताबाईसोबत राहायचा, पोरबाळ नव्हतं. तेजरामला गँगमध्ये त्यानंच घेतलं होतं. चावी कशी ठोकायची, रुळावर कान ठेवून गाडी किती लांब आहे ते कसं ओळखायचं, हे त्यानंच शिकवलं होतं. त्यानं गँगमधल्या दोघांना कमरेला दोर बांधून मोरीत उतरवलं. एकाला पाण्यानं आत ओढलं तेव्हा दोर खेचता खेचता हिरालालच्या तळहाताचं सालटं निघालं. मग त्यानं माणसं वर घेतली, स्टेशनात जाऊन फोनवरून वर कळवलं. वरून जबाब आला नाही.

तिसऱ्या दिवशी सांजेला तेजराम घरी आला तेव्हा मोठा भाऊ ईश्वर पडवीत बसून होता. दोघा भावांचं घर एक, चूल एक, शेती एक. तेजराम लाइनीवर आणि ईश्वर शेतात, अशी वाटणी आपोआप झालेली. ईश्वरच्या अंगावरचे कपडे ओले होते आणि ते बदलायचं त्याला सुचलं नव्हतं. रोपांचा रोवणा होऊन अकरा दिवस झाले होते. नवं रोप दोन-तीन दिवस पाण्यात तग धरतं, चौथ्या दिवशी पिवळं पडतं, पाचव्या दिवशी हाताला चिकट लागतं. पुन्हा रोवायला पऱ्ह्यांतली रोपं कोणाकडेच उरली नव्हती.

ईश्वरची बायको गोदावरीबाई भात वाढत होती. अठरा दिवस चिखलात वाकून तिच्या बोटांची नखं काळी पडली होती. दोन नखं मुळापासून सुटली होती. तिनं भात वाढला आणि हात तसाच ताटावर धरून म्हणाली की कोठीच्या तळाचं धान काढलं आज. एवढंच.

जेवण झाल्यावर ईश्वरनं मनातलं सांगितलं. सकाळची गाडी साडेअकराला जाते. दुसरी पाचला येते. मधले साडेपाच तास लाइनीवर काही नसतं. तेवढ्यात चार हात बांध फोडला तर पाणी जुन्या वाटेनं निघून जाईल. गाडी एक दिवस थांबेल, रेल्वेवाले दोन दिवसांत माती भरून घेतील. गावातले पंधरा-सोळा जण तयार आहेत.

तेजरामनं नाही म्हटलं. ईश्वरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सत्यभामाबाईनं त्या सांजेला त्याच्या पायाला तेल लावलं नाही. चुलीपुढं बसून ती नुसती त्याच्या पायांकडे पाहत राहिली, आणि तिचं मनही ईश्वरच्याच बाजूनं आहे हे त्याला कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी तेजराम पुन्हा हिरालालकडे गेला. आपण असं कधी मागितलं नाही, पण आज माणसं द्या, पोती द्या, बांबू द्या, मोरी आजच्या आज मोकळी करू, असं म्हणाला. हिरालालनं त्याला चहा पाजला. अर्धी गँग दक्षिणेकडच्या पुढच्या पुलावर गेली होती, तिथली माती खचली होती. साहेबाचा जबाब अजून नव्हता. आज काही होत नाही, उद्या पाहू, असं तो म्हणाला. रेवताबाईनं तेजरामला जाताना जुनं पोतं दिलं, डोक्यावर घ्यायला. त्याचं पोतं फाटलं होतं.

साडेअकराची गाडी गेली. तेजराम मोरीपाशी पोहोचला तेव्हा जुन्या वाटेच्या जागी सोळा माणसं बांधावर उभी होती. कुदळी, पावडे, लोखंडी सब्बली. सगळे ओळखीचे. त्यांत तलावात मासे धरणारा मुरारी होता. त्याची शेती नव्हती, पण त्याचा जावई याच बांध्या ठेक्यानं करत होता. वरच्या अंगाला पाणी रुळाच्या हातभर खाली होतं. पाण्याबाहेर धानाची टोकंसुद्धा दिसत नव्हती, नुसत्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरच्या पळसांचे शेंडे दिसत होते. खालच्या अंगाला पडीक जमीन आणि पलीकडे नाला.

"दादा, हात लावू नको," तेजराम म्हणाला.

"आम्ही तुले विचाराले नाई आलो," ईश्वर म्हणाला. "तू घरी जाय. पोट दुखत होतं म्हनून सांगजो."

"लोक मरतीन गाडीतले."

"पाचले येते गाडी. तू तिकडे जाऊन उभा राय न निशान घेऊन. थांबव तिले. तुयं कामच आहे ते."

तेजराम पाण्याकडे पाहत राहिला. घरच्या बायांनी रोवलेल्या तीन एकरांचा त्यानं विचार केला. मग गाडी उत्तरेकडून येते याचा. एक मैल पुढं जाऊन फटाके लावले, निशाण धरलं, तर गाडी थांबतेच. पाणी उतरलं की बांध पाण्यानंच फुटला असं सांगता येईल. कोणाला लागणार नाही, कोणाचं जाणार नाही. नंतर आयुष्यभर तो हा हिशोब मांडत राहिला, आणि दर वेळी त्याला तो बरोबरच वाटायचा, फक्त एक बाजू सोडून.

ती बाजूही त्याला तेव्हा सुचली नव्हती असं नाही. पिशवीतलं एक लाल निशाण काढून त्यानं ईश्वरच्या हातात दिलं.

"दक्षिनेकडे वळनावर उभा राय," तो म्हणाला. "तिकडून काही येत नाई, पन उभा राय. मी येतपर्यंत हालू नको."

"नाई हालत," ईश्वर म्हणाला.

तेजराम उत्तरेकडे निघाला. मागं पहिली कुदळ खडीत घुसल्याचा आवाज त्यानं ऐकला. त्यानं वळून पाहिलं नाही.

माणसांनी तासभर खणलं. स्लीपरांच्या खालून माती ओढून काढली. आधी बोटभर पाणी झिरपलं, मग हाताएवढी धार लागली, आणि मग बांध आपणहून ढासळायला लागला. चार हात म्हणता म्हणता पंधरा हात गेला. रूळ आणि स्लीपर वर तसेच टांगून राहिले आणि खालून तांबडं पाणी जोरानं पडत सुटलं. माणसं दोन्ही काठांवर मागं सरली. थोड्या वेळानं कोणीतरी दाखवलं: दूरच्या उंच बांधीतून धानाचे शेंडे वर आले होते. मग सगळेच शेताकडे धावले. आतले धुरे मोकळे करायला हवे होते, नाहीतर पाणी बांध्याबांध्यांत साचून राहिलं असतं.

ईश्वर वळणावर उभा होता. त्याला तिथून पाण्याचा आवाज येत होता, पण शेत दिसत नव्हतं. त्यानं बराच वेळ धीर धरला. मग निशाण कमरेला खोचून तो आपली बांधी पाहायला गेला. चटकन पाहून येऊ, एवढंच त्याच्या मनात होतं.

हिरालाल त्याच वेळी दक्षिणेकडून येत होता. सकाळी तेजराम गेल्यावर त्याला बरं वाटलं नव्हतं. जेवण न करताच तो पुढच्या पुलावर गेला, तिथल्या गँगच्या मेटाशी बोलून त्यानं दोन माणसं, वीस रिकामी पोती आणि डझनभर बांबू मागून घेतले. सगळं रुळांवरून ढकलायच्या हातठेल्यावर लादलं आणि उताराच्या लाइनीवरून मोरीकडे निघाला. दोन माणसं मागून ठेला ढकलत पळत होती. हिरालाल पुढं बांबूंवर बसून ब्रेक सांभाळत होता. पाऊस तोंडावर मारत होता. वळणावर कोणी नव्हतं. वळण संपलं तेव्हा टांगलेले रूळ साठ पावलांवर होते.

मागच्या दोघांनी उड्या टाकल्या. हिरालालनं ब्रेक दाबून धरला. ओल्या रुळावर चाकं घसरत गेली. ठेला टांगलेल्या रुळांवर चढला, रूळ खाली वाकले, आणि ठेला, बांबू, पोती आणि हिरालाल सगळं पाण्यात गेलं.

तेजराम एक मैलावर निशाण धरून उभा होता. गाडीला अजून दोन तास होते. त्याला मुरारी पळत येताना दिसला. म्हातारा माणूस, धोतर गुडघ्यावर. तो लाइनीवर बसला आणि मागं बोट दाखवलं. "मुकादम," तो म्हणाला. "ठेल्यासंग."

तेजरामनं फटाके रुळाला बांधले, निशाण काठीला बांधून मधोमध रोवलं आणि तो धावत सुटला.

हिरालाल खाली नाल्याच्या वळणावर सापडला. मागून परत आलेल्या मुरारीनंच पाण्यात उतरून त्याला बाहेर काढलं. बेशरमाच्या झुडपात त्याचा सदरा अडकला होता. उजव्या हाताच्या मुठीत अजून ब्रेकच्या दांड्याचा तुटलेला तुकडा होता, आणि मुठीच्या कडेला दोरानं सालटं निघालेली ती जखम. मुरारीनं ती मूठ उघडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

पाचची गाडी फटाक्यांवर थांबली. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही.

त्याच सांजेला गावाचं ठरलं. ठरवायला कोणी बसलं नाही. सगळ्यांच्या तोंडी तेच आलं. बांध पाण्यानं फुटला. कुदळी, सब्बली पुन्हा माळ्यावर गेल्या. लाल निशाण सत्यभामाबाईनं ईश्वरच्या कमरेचं काढून घेतलं आणि चुलीत घातलं. ओलं होतं, नीट जळेना. गोदावरीबाई फुंकणीनं फुंकत राहिली. धूर झाला आणि घरात कोणालाच डोळे पुसायला वेगळं कारण लागलं नाही. ईश्वर भिंतीला टेकून बसला होता. मी इतकासाच गेलो होतो, इतकासाच, असं तो म्हणत होता.

चौकशी सावरघाट स्टेशनात झाली. दोन साहेब आणि साकोलीचा एक हवालदार. ठेल्यामागची माणसं म्हणाली की वळणावर निशाण नव्हतं. तेजरामला विचारलं. त्यानं सांगितलं की बांध पाण्यानं फुटला, आपण तो फुटताना पाहिला आणि गाडी येणार म्हणून उत्तरेकडे पळालो. दुसरं निशाण कुठं आहे, असं साहेबानं विचारलं. पाण्यात गेलं, तो म्हणाला. मग दुसऱ्या बाजूला रुळावर फटाके का लावले नाहीत, दगड का रचला नाही, माणूस का उभा केला नाही, असं साहेब विचारत गेला. खरं सांगितलं असतं तर भावासकट सोळा माणसं तुरुंगात गेली असती. त्यानं आपली चूक झाली म्हटलं आणि कागदावर सही केली.

बाहेर बाकड्यावर रेवताबाई बसली होती. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर. तो जवळून जाऊ लागला तशी ती उठली.

"तेजरामभाऊ," ती म्हणाली, "लोक काही काही बोलून राहिले. मले कोनाचं आयकाचं नाई. तुमी सांगा. पान्यानंच फुटलं का?"

"हो," तेजराम म्हणाला.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा बाकड्यावर बसली.

बांध चार दिवसांत भरून निघाला. मालगाडीनं मुरूम आला, दोन गँगा लागल्या, पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली. मोरी होती तिथंच राहिली. तेजरामला महिनाभर घरी बसवून ठेवलं आणि मग नोकरीतून काढल्याचा कागद आला. हातोडा, पाना, पिशवी, एक लाल निशाण आणि एक हिरवं त्यानं स्टेशनात जमा केलं. बाबूनं एक निशाण कमी असल्याचं कागदावर लिहून घेतलं.

त्या साली धान चांगलं झालं. पाणी वेळेवर उतरलं होतं आणि मागं गाळ ठेवून गेलं होतं. लोंब्या इतक्या भरल्या की बांध्या आडव्या झाल्या. चारही जण कापणीला गेले. तेजराम वाकून कापत राहिला. खळ्यात धानाची रास पडली तेव्हा गोदावरीबाईनं तिला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार न करता बाजूला झाली. नवा भात शिजला. सगळ्यांनी खाल्ला. भुकेची माणसं होती, खाल्लाच.

रेवताबाईला नवऱ्याच्या जागी काम मिळालं. मुकादमाचं नाही, गँगमधल्या बाईचं. अडतीस-चाळीस वर्षांची बाई खडीच्या ढिगातून टोपलं भरायची, डोक्यावर घ्यायची, लाइनीत ओतायची. मोहरटोल्याच्या बांधावर नवी माती दर पावसाळ्यात बसायची, म्हणून गँग सर्वांत जास्त तिथंच असायची. तेजराम शेतात असला की त्याला ती दिसायची. तिला तो दिसायचा. पहिली दोन वर्षं ती हात वर करून विचारायची, बरं आहे ना भाऊ. नंतर तो लाइनीकडे पाठ करून काम करू लागला, तसं तिनंही विचारणं सोडलं.

वर्षं गेली. साकोलीकडून सडक झाली, एस.टी. गावापर्यंत आली. धान ट्रकमध्ये जाऊ लागलं. लहान गाडीचे डबे कमी झाले, खिडक्यांच्या फळ्या गेल्या, सांजेची गाडी कधी यायची कधी नाही. लाइन मोठी होणार असं कोणी सांगायचं, बंदच होणार असं कोणी सांगायचं. बांध तेवढा होता तसाच होता.

शहाऐंशी साली पुन्हा तसाच पाऊस झाला. रोवणा होऊन नऊ दिवस झाले होते. मोरी पुन्हा बेशरमानं भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी ईश्वर बारा माणसं घेऊन निघाला. जुन्यांतले चार मेले होते. ते बांधावर पोहोचले तेव्हा तेजराम आधीच तिथं रुळावर बसला होता. डोक्यावर पोतं, हात गुडघ्यांवर.

ईश्वरनं त्याला उठायला सांगितलं. तो उठला नाही. या वेळी दोन्हीकडे दोन-दोन माणसं उभी करू, असं ईश्वर म्हणाला. बाकीचेही समजावून सांगू लागले. कोणी हात धरून ओढलं, तेव्हा त्यानं रुळाला मिठी घातली.

"तेव्हा तर तूच फोडू देलं," ईश्वर म्हणाला. "तेव्हा नोकरी होती तुले. आता का आहे? तुयंबी धान आहे त्या पान्यात. मंग काहून अडवून राहिला?"

"कुदळ लागली तर मी सावरघाटले जातो," तेजराम म्हणाला. "त्या साली कोन कोन होतं ते सांगतो. मेले त्यांचंबी सांगतो. तुयंबी सांगतो, दादा."

माणसं पावसात उभी राहिली. ईश्वरनं हातातलं पावडं उचललं, क्षणभर ते कुठं पडणार हे कोणालाच कळेना. मग त्यानं ते खांद्यावर घेतलं आणि तो घराकडे वळला. बाकीचे त्याच्या मागं गेले.

तेजराम दोन दिवस तिथं बसून राहिला. सत्यभामाबाई एकदा भाकर घेऊन आली, ती ठेवून परत गेली. सहाव्या दिवशी पाणी मोरीतून हळूहळू उतरलं. दीडशे एकरांत धान काळं पडून चिखलाला चिकटलं होतं. आठवडाभर गावाला त्याचा वास येत होता. गोदावरीबाई एकदा बांधीत उतरली, मूठभर रोप उपटायला गेली तर ते हातात विरघळलं. तिनं हात पाण्यात धुतला आणि ती वर आली.

घर त्याच महिन्यात वेगळं झालं. पडवीच्या मधोमध ईश्वरनं कुडाची भिंत घातली. तो भावाशी त्यानंतर बोलला नाही. गावात कोणी तेजरामला कामाला बोलावलं नाही, न्हावी त्याच्या दाराशी थांबला नाही, आणि पोळ्याला त्याची बैलजोडी रांगेत कोणी घेतली नाही. आपण चांगलं केलं असं त्याला कधी वाटलं नाही. मेलेला माणूस मेलेलाच होता, आणि आता उपाशी माणसंही होती. सत्यभामाबाई एकदाच बोलली. एकदा फोडू देऊन पाप केलं, एकदा न फोडू देऊन केलं, आता तरी कुठं जाऊन उभे राहाल, असं तिनं विचारलं.

दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण सरल्यावर, गँग पुन्हा त्या बांधावर आली. तेजराम सकाळी तिकडे गेला. रेवताबाई खडीच्या ढिगाशी एकटीच टोपलं भरत होती. केस पांढरे झाले होते, मानेची शीर टोपल्याच्या वजनानं एका बाजूला ताणलेली राहिली होती. तो समोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. सोळा माणसं, कुदळी, दोन निशाणं, वळण, ईश्वर. आपण चौकशीत काय सांगितलं ते, आणि बाकड्यापाशी तिला काय सांगितलं ते. हिरालाल आपल्याच बोलण्यावरून पोती घेऊन निघाला होता, हेही सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

तिचे हात खडीतच होते. ती भरत राहिली. टोपलं काठापर्यंत आलं तशी ती थांबली.

"धान झालं होतं का त्या वर्सी?" तिनं विचारलं.

"झालं होतं."

"कोनं खाल्लं?"

"आमीच खाल्लं," तेजराम म्हणाला.

रेवताबाईनं मान हलवली. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. भरलेलं टोपलं एकट्यानं उचलवत नाही, समोरून दुसऱ्याचा हात लागतो. तेजराम वाकला आणि त्यानं टोपल्याच्या काठाला हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली.

त्यानं हात काढला. दुसरी बाई लाइनीच्या पलीकडे, दूरच्या टोकाला खडी ओतत होती. ती परत येईपर्यंत रेवताबाई भरल्या टोपल्यापाशी तशीच उभी राहिली.